दुसऱ्या पाइपाची वाळू

बंद असलेलं काहीही मला उघडून पाहावंसं वाटतं. ही माझी लहानपणापासूनची खोड. घरातलं घड्याळ, शेजाऱ्यांचा स्टोव्ह, सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर, सगळं मी उघडलेलं आहे, आणि त्यातलं काही पुन्हा चालूही झालं. या खोडीपायी एकदा मी एक अख्खं गाव तहानलेलं ठेवलं. इतकी वर्षं ते सांगायला जीभ रेटत नव्हती, आता सांगून टाकतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेरीत जुन्याच कागदांवर आधीच्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहीत. वाटणीत आलेल्या गाड्यांमध्ये मिल्ट्रीनं मोडीत काढलेला एक ट्रक होता, चारही चाकांना जोर असलेला. तो कुणालाच नको होता आणि ड्रायव्हरांत मी सगळ्यात नवा, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पावसानं दगा दिलेलं साल होतं. ट्रकवर पाण्याची टाकी बसवली आणि रेणापूरच्या पलीकडचं एक गाव मला नेमून दिलं. त्या गावाला जायला कोरड्या ओढ्यातून वीस पावलं वाळू तुडवावी लागे. साधे टँकर तिथं हात टेकत. माझाही ट्रक रुतायचा, दर खेपेला नेमका त्याच जागी, पण चाकांपुढची वाळू उपसली की कण्हत कुंथत निघायचा.

गावात पाण्याची रांग एक काकू सांभाळत. किराणा दुकान होतं त्यांचं, कपाळावर भस्माची बोटं, आणि आवाज असा की भांडण सुरू व्हायच्या आत मिटायचं. कोणाला किती घागरी, ते त्या ठरवत आणि कुणी हुज्जत घालत नसे. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. का होता कोण जाणे, पण होता, आणि मला तो आवडायचा.

आता खोडीकडं येतो. त्या ट्रकच्या इंजिनात आठ सिलिंडर होते, चार या अंगाला, चार त्या अंगाला. धूर बाहेर जायला मात्र पाइप एकच. डावीकडच्या चौघांचा धूर इंजिनाखालून वळसा घालून उजवीकडच्या पाइपात घुसायचा. आठ माणसांनी एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघावं, तसं काहीतरी आत होत असणार असं मला वाटे. वाळूत ट्रक दम सोडतो तो यामुळंच का? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग जेवताना, गाडी चालवताना तोच.

लातुरात नांदेड रस्त्याला एक मिस्त्री होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "डाव्याला त्याची सोताची वाट द्या, मग बघा."

मला तेवढंच पाहिजे होतं. साहेबांना सांगितलं, सायलेन्सर फुटलाय, एक दिवस गाडी उभी ठेवावी लागेल. सायलेन्सर धडधाकट होता. गावात काकूंनाही तेच सांगितलं. "उद्याचा दिवस सोडा, परवा सकाळी येतो." काकूंनी तिथल्या तिथं घागरींचा हिशोब दोन दिवसांवर नेला आणि रांगेला सांगितलं, "परवा येतो म्हनला म्हंजे येतो. डायवर शब्दाचा पक्का हाय." परत येताना ट्रक ओढ्यात नेहमीच्या जागी रुतला. मिस्त्रीनं वाळू आणायला सांगितलीच होती. चाकाखालचा खड्डा उपसताना निघालेली छान जाडसर वाळू मी दोन पोत्यांत भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ट्रकखाली आडवे झालो. मिस्त्री लिंगायत होता. खाली शिरण्याआधी त्यानं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. मग लोखंडी तार घेऊन तो डाव्या बाजूचा रस्ता शोधू लागला. इंजिनापासून तार निघाली ती पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याशी अडली. बाहेरून वळवली तर पेट्रोलची टाकी आडवी. आतून नेली तर गिअरचा डबा. शेवटी दांडा आणि चासीच्या मधून एक फट सापडली. मी म्हणालो, जमलं. तो म्हणाला, "थांबा, आत्ता गाडी गप उभी हाय." त्यानं डावं चाक जॅकवर चढवलं. चाकाबरोबर दांडाही वर सरकला आणि त्यानं तार चेपून टाकली. खड्ड्यात गेल्यावर हेच पाइपाचं झालं असतं. उभ्या गाडीत जागा कुठं आहे एवढंच मी पाहिलं होतं, ती हलल्यावर कुठं उरते हे तो पाहत होता. मला इतका आनंद झाला की गाव, पाणी, परवाची सकाळ, सगळं विसरलो.

शेवटी दांड्याला चुकवणारी वाट त्यानं शोधली, तिच्यात तारेला पाच बाक पडले. पाइपाचं तोंडही मागं काढायचं नाही असं त्यानंच ठरवलं. मागं नळ, नळाशी बाया उभ्या राहणार. मागच्या चाकाच्या अलीकडंच तोंड जमिनीकडं वळवायचं.

आता पाइप तारेप्रमाणं वाकवायचा होता. पोकळ पाइप तापवून वाकवला तर बाकाशी चेपतो, म्हणून त्यात वाळू ठासून दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे ठोकतात. वाळू आधी पत्र्यावर भाजून घ्यायची असते, हे मिस्त्री स्वतःच मला सांगत होता. मग भाजत का नाही, विचारलं. वर बघून तो म्हणाला, "औंदा रेती काय भाजायची? आभाळच भाजून राहिलंय."

मलाही ते पटलं. त्या साली ओलं असं काही उरलंय यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

पहिले दोन बाक सुरेख आले. तिसऱ्याला भट्टीत पाइप लाल झाला आणि एकदम बार उडाला. गुट्टा माझ्या कानाजवळून जाऊन छपराच्या पत्र्याला भोक पाडून गेला. पाइप शेंगेसारखा उकलला आणि वाफेचा लोट बाहेर आला. मिस्त्रीनं आधी खिशातली डबी चाचपली. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मधली वाळू काढली आणि मूठ दाबून उघडली. वाळूचा लाडू हातावर तसाच राहिला.

"वल्ली हाय ही. कुठनं आणली तुम्ही?"

मी सांगितलं. त्यानं तो लाडू बोटानं फोडून आतून पाहिला. मग म्हणाला, "मी येतो तुमच्यासंगं. मला ती जागा बघायची हाय."

पण जायचं कशानं? डावीकडचा जुना वळसा आम्ही आधीच कापून टाकला होता. दुसरा पाइप मिळवण्यात संध्याकाळ झाली. परवाची सकाळ उजाडली तेव्हा मी पत्र्यावर वाळू भाजत होतो. दर घमेल्याला मला काकूंची रांग दिसत होती. मला स्वतःची लाज वाटली. चालती गाडी मी मोडून बसलो होतो.

एक दिवस उशिरा, तिसऱ्या सकाळी टाकी भरून आम्ही निघालो. ओढ्यात ट्रक एकदाही थांबला नाही. दोन्ही पाइपांचा मोकळा घुमारा ऐकून मला सुख वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गावात रांग लागलेलीच होती. काकूंचे ओठ फुटले होते.

"परवा म्हनलास आन् आज उगवलास," त्या म्हणाल्या. "काल दिवसभर समद्यायला सांगून राहिले, येईल, येईल. पोरीबाळी शेवटाला चार कोसावर हिरीला गेल्या. माझी घागर शेजारच्या बाळंतिणीला दिली."

"पाइप फुटला होता काकू," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पाणी वाटून झाल्यावर मिस्त्रीनं त्यांना वाळूची गोष्ट सांगितली. काकूंना आधी पटेना. गावाजवळ ओढा खोदून झाला होता आणि तिथं कोरडा खडक लागला होता. पण खोरी, टिकाव घेऊन दहा-बारा माणसं आमच्याबरोबर ओढ्यात आली. जिथं ट्रक रुतायचा तिथंच खोदायला घेतलं. कमरेइतकं गेल्यावर वाळू काळी झाली. छातीइतकं गेल्यावर खाली बांधासारखा आडवा खडक लागला आणि त्याच्या अलीकडं, खोदणाऱ्याच्या पावलांभोवती पाणी जमायला लागलं. गढूळ पाणी तीन वेळा उपसून टाकलं. चौथ्या खेपेला ते जरा निवळ आलं. सगळे वाकून बघत राहिले.

काकू म्हणाल्या, "बाभळीच्या काट्या आना आन् कुंपन करा. डायवर, आता तुझी गाडी हितून न्यायची न्हाई. फेरा पडंल तरी वरच्या अंगानं दगडावरनं काढ."

क्षणभर मला वाईट वाटलं. या वीस पावलांसाठीच तर तो दुसरा पाइप होता. मग मात्र ते मनात राहीना. मी म्हणालो, "काकू, गाडीला काही झालं नव्हतं. चांगली चालत होती. आत धूर कसा जातो ते मला बघायचं होतं, म्हणून मीच उघडली."

काकू माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्या हातात त्या नव्या झिऱ्यातून, वाळूतल्या खड्ड्यातून, भरलेला पहिला तांब्या होता. कालपासून, आजचं टाकीचं पाणी वाटतानाही, त्या घोटभरच प्यायल्या होत्या. तो तांब्या त्यांनी माझ्यापुढं धरला.

"तुझ्या खोडीचं पानी हाय हे," त्या म्हणाल्या. "आधी तू पी."

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पाणी कोमट होतं आणि दातांत वाळू कचकचत होती. तांब्या रिकामा होईपर्यंत त्या समोर उभ्या होत्या, आणि मग तो माझ्या हातातून घेऊन त्या स्वतःसाठी भरायला खाली उतरल्या.