सोनं पाठवलं की झालं

कोल्हापूरला शाहूपुरीत आमचं गुळाचं दुकान. घराण्यात कुणी कधी तलवार धरली नाही, पण भाव धरून ठेवण्यात आमचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन हजार सालानंतर आमच्या गल्लीत नेट कॅफे निघाला, तिथं साम्राज्य उभारायचा खेळ आला, आणि मी तेच घरचं शहाणपण तिथं नेलं. बाकीची पोरं घोडेस्वार आणि हत्ती तयार करायची, मी बाजार बांधायचो. लाकूड विकायचं, सोनं घ्यायचं, व्यापाराच्या गाड्या फिरवायच्या. शिपाई एक नाही. लढायला माझा दोस्त होता की!

दोस्त पेठ वडगावकडचा, शेतकऱ्याघरचा. कॉलेजला एसटीनं यायचा आणि माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून माझ्या वाटणीचंही लढायचा. त्या बदल्यात मी त्याला सोनं पाठवायचो. एक बटण दाबलं की काम झालं.

एकदा इंजिनिअरिंगच्या दोन पोरांनी त्याच्या तटाला खिंडार पाडलं. मी भराभर सोनं पाठवलं. तो आमच्या दोन कॉम्प्युटरमधल्या प्लायवूडच्या आडून ओरडला, "सोनं काय चाटू व्हय लेका? माणसं पाठव की."

माझ्याकडं माणसं कुठली? त्याचं राज्य जळालं, मागोमाग माझंही. शेवटी पडद्यावर गुणांचा तक्ता आला, त्यात संपत्तीच्या रकान्यात माझा पहिला नंबर. हरलेला मी तो नंबर सगळ्यांना दाखवत फिरलो. त्यानं पाठीत एक गुद्दा घातला, मी चहा पाजला, आणि विषय मिटला असं धरून चाललो.

काही वर्षांनी त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील आदल्या साली गेलेले, करणारा हा एकटा. दुकानात येऊन बसला. म्हणाला, भावकीचं काय खरं न्हाय, तू आदल्या दिवशीच ये आणि पंगतीत वाढायला उभा ऱ्हा. आमच्याकडं वाढायला कोण उभं राहिलं त्यावरून घरचं कोण ते कळतं. मी व्हय म्हणालो.

आणि नेमके तेव्हाच गुळाचे सौदे जोरात. मग माझं डोकं चाललं. केटररला पैसे दिले आणि पांढऱ्या टोप्यांची दहा माणसं टेम्पोनं वडगावला धाडली. या खेपेला माणसंच पाठवली होती की! स्वतःचं इतकं कौतुक मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मी पोचलो ते अक्षता पडून पंगती बसल्यावर, इस्त्रीच्या शर्टात, खिशात आहेराचं जाड पाकीट घेऊन. माझी दहा माणसं टोप्या घालून मांडवाच्या कडेला नुसती उभी. वाढत होते गावातले लोक, आणि तो स्वतः आमटीची बादली घेऊन पळत होता. मला लाज वाटली. बाह्या सारून मी बादलीला हात घातला, पण त्यानं ती सोडली नाही. शिवी घातली असती तर मी तिथंच पाय धरले असते. पण इतकी वर्षं मला लेका म्हणणारा तो, अनोळखी माणसाशी बोलावं तसा हसला आणि पंगतीतली रिकामी जागा दाखवत म्हणाला,

"बसा पावणं. जेवून जावा."

मी बसलो. त्यानं मला पोटभर वाढलं.