खडूचं रिंगण

“हात नोका लावू! आधी मले पाहू द्या.” यंत्र बंद पडलं की माजरीकडच्या आमच्या कोळसा खाणीत पहिला हाच आवाज यायचा, आमच्या मिस्त्रींचा. मग ते खिशातून खडू काढून बिघडल्या जागेभोवती रिंगण आखायचे. यंत्र कसं थांबलं, कुठला दांडा अडकला, तेल कुठे सांडलं, हे सगळं ते आधी मला लिहायला लावत आणि मगच पान्याला हात घालत. मी खाणीतला कारकून. बिघाडाच्या अहवालात अक्षर माझं, डोकं त्यांचं.

घरीही तेच. एकदा त्यांची चूल खचली, तर तिच्याभोवतीही रिंगण! बायको वैतागून म्हणाली, “बसा आता पंचनामाच खात.” आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसला असता.

मग एक दिवस कोळशाचे डबे सुटले. इंजिन दोरानं त्यांना उतारावरून वर ओढत होतं. दोन डब्यांमधली पिन तुटली आणि मागचे डबे खाली सोमावर आदळले. तो जागीच गेला. सोमा सावली गावाकडचा, धान कापून झालं की खाणीत कामाला येणारा. त्याची बायको तोंडात पदर कोंबून उभी होती. तिच्यादेखत साहेब म्हणाले, “त्यानंच पिन नीट बसवली नसेल. तसं लिहा आणि काम सुरू करा.”

“हात नोका लावू,” मिस्त्री म्हणाले. गुडघ्यांवर बसून त्यांनी चुऱ्यातून पिनेचे दोन्ही तुकडे शोधले. तुटल्या जागी अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा गंजलेला. म्हणजे चीर जुनीच होती. एका तुकड्यावर तपासणीचा ठिपका ठोकलेला होता. तो ठिपका मिस्त्रींचा.

मिस्त्रींनी दोन्ही तुकड्यांभोवती रिंगण आखलं.

“लिहा बाबू. पिन म्या तपासली होती. चीर मले दिसली नाई. सोम्याचा दोष नाई.”

“मिस्त्री, स्वतःचं नाव काऊन घालता?” मी हळूच म्हणालो. विचारल्याची मला आजही लाज वाटते.

“सोम्याले आता तोंड नाई. मंग कोण सांगन?”

मी लिहिलं. आठवडाभरात मिस्त्रींना कामावरून काढलं. डोक्यावर ट्रंक घेऊन ते राजुऱ्याच्या वाटेनं गेले. पुढे त्यांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

नंतर एकदा पंप बंद पडला. खाली खाणीत पाणी चढत होतं, साहेब ओरडत होते. कुणीतरी पंपाभोवती खडूनं रिंगण आखलं होतं, आधी पाहणारं मात्र कुणी नव्हतं, आणि आम्ही सगळे हात मागे बांधून त्याच्या बाहेर उभे होतो.