रूथमावशींची गोधडी

चूक माझी होती, आणि ती मी प्रभूच्या मंदिरात केली. आज बायकोने गोधड्या उन्हात घातल्या. तापलेल्या जुन्या सुताचा वास आला आणि शेवगावकडचं आमचं छोटं उपासना मंदिर डोळ्यांपुढे उभं राहिलं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. नगरच्या चर्चचे एक पाळक बायकामुलांसह ख्रिस्ताच्या सुवार्तेच्या कामासाठी आफ्रिकेला निघाले होते. जाण्याआधी ते मदतीसाठी गावोगावच्या मंडळ्यांना भेटत होते. आमच्या लोकांनी वेदीपुढे जोंधळे, अंडी, कोंबड्या आणून ठेवल्या. पाळकांच्या प्रवासखर्चासाठी उपासनेनंतर त्यांचा लिलाव करायचा मान माझा, शाळेतल्या नव्या मास्तराचा. आमच्या मंडळीतल्या रूथमावशींनी ठिगळांची गोधडी ठेवताना मला बजावलं, "ही इकायची न्हाई, मास्तर. लेकरांना बोटीत थंडी वाजंल."

मग मावशी पाहुण्यांसाठी भाकरी टाकायला घरी गेल्या. मला त्या ठिगळांची लाज वाटली आणि मी गोधडी पहिल्याच बोलीला दगडू गाडीवानाला विकली. आज वाटतं, त्या सगळ्या ढिगात पाळकांच्या मुलांचा विचार करून आणलेली तेवढी एकच वस्तू होती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "दिली का लेकरांना?"

"दिली," मी म्हणालो. त्या नुसत्या हसल्या.

सात वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हा त्यांच्या ओसरीवर जाऊन खरं सांगितलं. शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "ठावं हाय. दगडूच्या गाडीत त्याच हप्त्यात बघितली. त्याचीबी लेकरंच की. पर तुमी खोटं का बोलला?"

मी खाली बसलो. "ठिगळांची लाज वाटली म्हणून विकली, मावशी, आणि ते कबूल करायचीही लाज वाटली. माझ्या आईनं शिवलेली मीही तसलीच पांघरायचो. मला माफ करा."