भिंतीवरची चिखलाची रेघ
भिजत घातलेल्या चुन्याचा वास आला की मला शेलूबाजारच्या आमच्या घरात नाल्याचं पाणी शिरलं ते वर्ष आठवतं. पाणी ओसरलं तेव्हा भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ उरली होती आणि गाद्यांना कुबट वास मारत होता. कर्ज देताना बँकेने घराचा विमा उतरवून घेतला होता, त्या विमा कंपनीचे साहेब पाहणीला येणार असा फोन आला. सासूबाई म्हणाल्या, “पाहुणा येऊन राह्यला, त्याले असा चिखल दाखवशीन काय?” मग आम्ही दोघींनी घर घासून धुतलं, गाद्या फेकल्या आणि वर चुनाही मारला. साहेब आले, पांढऱ्याफेक भिंतींकडे पाहून म्हणाले, “पाणी नेमकं कुठवर आलं होतं?” मी छातीशी हात नेला, पण दाखवायला काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात शेजारचे टेलरचाचा दारात आले. “साहेब, भिंत आमची एकच हाये. माह्या बाजूनं पाहा.” त्यांच्या खोलीत ती रेघ जशीच्या तशी होती, आणि त्याच घाण वासात बसून ते कपडे शिवत होते. साहेबांनी फोटो काढले. चाचांचा स्वतःचा तर विमाही नव्हता. मी विचारलं, “चाचा, तुमी काहून नाही पुसलं?” “तुमी दोघी पाहणीच्या आधीच चुना मारून राह्यल्या होत्या ना बेटा, तवाच मी माहा हात थांबवला.” आमचा विमा मंजूर झाला. आता दरवर्षी दिवाळीला चुन्याचा पहिला हात आम्ही त्याच भिंतीला देतो, चाचांच्या बाजूने.