मी थांबलो नाही, मला थांबवले गेले

माझे एक जुने सहकारी महाविद्यालयाच्या प्रत्येक समारंभात एक कथा सांगतात. पन्नासच्या दशकातली, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आमचे कॉलेज नवे होते तेव्हाची. "पत्नी बाळंतपणात अडल्याचा निरोप आला, तरी हे म्हणाले, आधी विद्यापीठाचा पेपर, मग घर!" टाळ्या पडतात. हे वाक्य मी कधीही उच्चारलेले नाही.

पत्नी दूर जंगलातल्या आलापल्लीला माहेरी होती. मेहुणा सागवानाच्या ट्रकवर बसून मला न्यायला आला. माल उतरवून तोच ट्रक परत जाणार होता. आमचा शिरस्ता असा, की प्रश्नपत्रिकांचे पाकीट फुटले, की उत्तरपत्रिकांच्या थैलीला लाखेची मोहोर बसेपर्यंत पर्यवेक्षकाने हलायचे नाही; त्या दिवशी पर्यवेक्षक मी होतो. नियम पेपर फुटू नये म्हणून होता. प्राचार्यांनी तो मेहुण्याच्या निरोपाला लावला.

"भाऊजीले बोलवा ना साहेब, बाईचं काही खरं नाई," तो व्हरांड्यात विनवत होता. प्राचार्यांनी त्याला बाकावर बसवले. ट्रक निघायची वेळ झाली, तसा तो एकटाच परत गेला. हे सारे मला त्याने मागाहून सांगितले.

मी लाख वितळवीत होतो तेव्हा प्राचार्य शेजारीच उभे होते. मोहोर नीट उमटल्याची खात्री करून ते म्हणाले, "तुमचे मेहुणे येऊन गेले. घरी बाळंतपण अडले आहे."

"आपल्याला केव्हापासून ठाऊक होते?"

"सांगितले असते, तर कामात तुमचे लक्ष राहिले असते का?"

हे ते अतिशय प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाचा धक्का अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तोवर मुलीला मूठमाती दिली होती. मी तिचे तोंड पाहिले नाही. पत्नीने भिंतीकडे पाहत विचारले, "झाला का पेपर?" मी शपथेवर सांगितले, मला कळवलेच नव्हते. तशी ती म्हणाली, "ठाऊक असतं तं तुमी पायी आले असते." या एका वाक्यावर आमचा संसार उभा राहिला.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या माझ्या सत्काराला ती प्रथमच आली, पहिल्या रांगेत बसली. सहकाऱ्यांनी कथा सांगितली. तिने वळून माझ्याकडे पाहिले.

"मंग तुमाले ठाऊक होतं?"

मी तडक व्यासपीठावर गेलो आणि ध्वनिक्षेपक हिसकावून म्हणालो, "हे खोटे आहे. मला निरोप दिलाच नाही. माझी मुलगी गेली." मग सहकारी हसून म्हणाले, "पाहिलात यांचा विनय!" आणि लोकांनी, होय, पुन्हा टाळ्या वाजवल्या.

खाली आलो तर तिची खुर्ची रिकामी. ती बाहेर व्हरांड्यात, भिंतीलगतच्या बाकापाशी उभी होती.

"माह्या भावाले इथीच बसवलं होतं ना?"

"इथेच."

ती बाकावर बसली. आत टाळ्या चालूच होत्या. "दार लावून घ्या," ती म्हणाली, "अन् बसा इथी."