पेढ्यांचं कुणी सांगितलं

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. ऐकणारी माणसं नव्हती, असं नाही. तोंड उघडलं नाही – एवढंच.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका शाळेत मी गणित शिकवते. कळंब्याला एकटी राहते. आणि सुट्टीच्या दिवशी – पटका, धोतर, काळा चष्मा, चिकटवलेली झुपकेदार मिशी – मी स्टेजवर ‘पावणं’ होते. शहरात आलेला बहिरा, म्हातारा शेतकरी. लोक विचारतात एक, तो सांगतो भलतंच. मिशीमागं बाई आहे, हे कार्यक्रम ठरवणारा एकजण सोडला तर कुणालाच माहीत नाही. शाळेत चाललं नसतं, म्हणून वेश घेतला – हे खरंच आहे. पण तेवढंच खरं आहे का?

पावण्याचा आवाज माझा नव्हताच. तो माझ्या मामांचा होता. कोडोलीचे मामा. वडील गेल्यावर त्यांनी आईला आणि मला आपल्या घरी नेलं, मी बी.एड. होईपर्यंत शिकवलं. त्यांचं मान वाकडी करून ऐकणं, कळलं नाही की “व्हय की!” म्हणून वेळ मारून नेणं – सगळं उचललं मी. न विचारता. माणसं प्रेमानं हसतात, असं स्वतःला सांगत राहिले.

इथपर्यंतचं सांगणं सोपं आहे.

मामी शेवटी कोल्हापुरातल्या एका लहान दवाखान्यात होती. एका सकाळी डॉक्टर खोलीबाहेर गेले. सज्जन माणूस, फार हळू बोलणारा. मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सुटल्या हो त्या.” मी आत मामीच्या उशाशी होते, दारातून सगळं दिसत होतं. मामांना वाटलं, दवाखान्यातून सुटली. त्यांचा तो चेहरा – कसा सांगू? “लई बरं झालं की डॉक्टर!” म्हणाले आणि कुणाला काही सुचायच्या आत जिना उतरून गेले. आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. एक पेढा डॉक्टरांच्या हातावर ठेवलासुद्धा. तेव्हा कुठं माझे पाय हलले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मला ओरडावं लागलं – मामी गेली.

हे तिघांनाच ठाऊक होतं. मामा, डॉक्टर आणि मी.

वर्षभरानं मी ते स्टेजवर सांगितलं. पावण्याची बायको ‘सुटते’ आणि पावणं पेढे वाटत फिरतं. एवढं हसू मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. व्हिडिओ फोनाफोनांतून फिरत कोडोलीच्या डेअरीवर पोचला. आणि मामांनी – मामी गेल्यावर कानाला मशीन लावून घेतलं होतं. त्यांनी तो स्वतः ऐकला.

पुढच्या रविवारी माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले.

“माझ्याच गावात मला पावणं म्हणत्यात. म्हणूद्यात. पर पेढ्याचं त्या बाबाला कुणी सांगितलं गं?”

मी गॅस बंद केला.

“तू न्हाई सांगणार. म्या न्हाई सांगितलं. मग डॉक्टरनंच की.”

‘तू सांगितलंस का’ असं त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, कळतंय ना तुम्हाला? माझ्यावर शंकाच नव्हती त्यांची. मिशी चार पावलांवर कपाटात होती. आणि मी म्हणाले – “व्हय मामा. डॉक्टरच असणार.”

मामा उठले ते थेट दवाखान्यात गेले. भरल्या दवाखान्यात, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, नाही नाही ते बोलले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. “मी कुणालाच बोललो नाही हो. तुम्ही होतात तिथं. जरा समजवाल का त्यांना?” मी म्हणाले, “बघते.”

काय बघितलं मी? काही नाही. मामांच्या साखरेवर औषध त्याच डॉक्टरांचं होतं. ते बंद झालं. दुसऱ्या कुणाकडे ते जाईनात – “समदे सारखेच.” पायाची जखम चिघळली. मी दर रविवारी जायची, पट्टी बदलायची. मला सगळं दिसत होतं. आणि त्या दिवसांतही ती गोष्ट मी स्टेजवर सांगत होते. लोक फर्माईश करायचे – पेढे, पेढे! मी थांबायची, मान वाकडी करायची, आणि सांगायची.

मामा गेले. शेवटपर्यंत डॉक्टरांचं नाव काढलं की तोंड फिरवायचे.

तेराव्याला डॉक्टर कोडोलीला आले. दारात चपला काढून उभे राहिले. मामांचा थोरला मुलगा पुढं झाला. “तुमी हितं कशाला आलायसा? जावा.” सगळी पंगत बघत होती. डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं – रागानं नाही, आपलं ओळखीचं माणूस दिसतंय का, तसं.

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी वळले आणि पुढच्या पानावर भात वाढला.