मामाच्या खिडकीबाहेरचा पूल

माझ्या मामाला आमच्या रस्त्यावर उद्यामास्तर म्हणत. कोट शिवायला टाकला की 'उद्या या', आणि उद्या गेलं की परत तेच. तरी गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे, कारण काळ्या कापडावर काळा दोरा मामासारखा कुणाला चालवता येत नव्हता. हे काम दिवसाच होतं, तेही उत्तरेच्या उजेडात, असं त्याचं ठाम मत. दिव्याखाली शिवलेला कोट तो लांबून ओळखायचा आणि नाक मुरडायचा.

दुकान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि तिची ती उत्तरेची बुटकी खिडकी. मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो: मामा, त्याची ताई म्हणजे माझी आई, आणि मी. बाबा गेल्यावर आई मला घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली ती कायमचीच. ती रस्त्यापलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी जेवायला घरी यायची, म्हणजे दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडायची. सहा गाड्या शेजारी शेजारी धावतात एवढा रुंद रस्ता, आणि सिग्नल बावीस सेकंदांचा. मी ऑफिसा-ऑफिसांतून प्रिंटर दुरुस्त करत हिंडते. हत्यारांची बॅग कायम डाव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा बोटभर खाली आला आहे. मामा मला 'कलती' म्हणतो.

मग नगरपालिकेने पादचारी पूल जाहीर केला. काचेचा, वर छप्पर असलेला, समोरच्या दुकानांच्या इमारतीतून निघून आमच्या खिडकीला जवळजवळ घासून बस स्थानकावर उतरणारा. नकाशात पुलाचा तळ आमच्या फरशीपेक्षा हातभर उंच आणि खिडकीपासून चार पावलांवर दाखवला होता. मामाने नकाशा पाहिला आणि त्या दिवशी जेवला नाही.

रस्त्यात दोन तट पडले. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक आमच्या डोक्यावरून जाणार. वरच्या मजल्यावरच्यांनी तेवढ्यात नव्या पाट्या रंगवायला टाकल्या. शाळेतल्या मुलांच्या आईबापांना पूल आजच्या आज हवा होता, आणि गुडघे दुखणाऱ्यांना जिन्याच्या नावानेच घाम फुटत होता. सलूनवाला खुर्चीत बसेल त्याच्या बाजूने बोलायचा. वस्तरा स्वतःच्या हातात असूनही माणूस इतका घाबरट कसा असतो, मला नेहमी नवल वाटे.

मामाने हरकतीचा अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून तीनशे बारा सह्या गोळा केल्या. पहिली सही आईची. "उजेड गेला तर हा काय डोळे मिटून शिवणार आहे?" ती म्हणाली.

अर्ज देऊन आठवडा झाला असेल. दुपारचे चार वाजले होते. मी प्रिंटरचा एक भाग पुसत बसले होते आणि मामा सुई हातात धरून थांबला होता.

"कलते, बाहेर बघ गं जरा. कोणी आहे का?"

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर कोण असणार? कबूतरसुद्धा नव्हतं.

"माणसं जातायत," तो म्हणाला. "कापडावरचा उजेड जातो नि परत येतो, म्हणून वर बघितलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत दिसतात. डोकी चौकटीच्या वर राहतात."

मी हसले. आईने दुसऱ्याच दिवशी त्याला आपल्या दुकानात नेऊन डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले. माणसं मात्र रोज चारच्या सुमाराला जातच राहिली. आवाज नाही, घाई नाही. मामाला तोंडं दिसत नव्हती, पण त्याने आयुष्यात कुणाकडे तोंडापासून बघायला सुरुवात केलीच नव्हती. तो कपडे आणि चाल ओळखायचा. "सलूनवाल्याचं तपकिरी जाकीट गेलं," तो म्हणाला. "उजव्या कोपराला ठिगळ होतं. टाके माझे."

सलूनवाल्याकडे तपकिरी जाकीट नव्हतं. मी ते मामाला सांगितलंही, जरा खोचकपणेच. पंधरा दिवसांनी सलूनवाला जिना चढून आला. मेव्हण्याने पाठवलेलं जाकीट, पहिल्याच दिवशी खिळ्याला अडकून उजव्या कोपरावर फाटलेलं. रंग तपकिरी. मामाने ठिगळ लावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा 'उद्या या' म्हणाला नाही.

त्याच सुमारास आईचा कोट टेबलावर होता. तिने जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी कापड निवडलं होतं, करड्या रंगाचं, लोकरीचं. कच्चे टाके घालून झाले होते, बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. एके संध्याकाळी चहा पिताना मामा खाली बघत म्हणाला, "ताई, तुझा करडा कोट गेला आज पुलावरून."

"म्हणजे शिवलास तर एकदाचा!" आई म्हणाली. "माझं नशीब थोर." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मामा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तो कोट हँगरला लावला, वर जुनी चादर टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. कधी म्हणे बटणं मिळत नाहीत, कधी म्हणे अस्तर आटलं. आई चिडायची. "अरे, सख्ख्या बहिणीला तरी उद्या सांगू नकोस!" थंडी कडाक्याची होती. ती विटलेल्या स्वेटरमध्ये हात काखेत घालून रस्ता ओलांडायची आणि मामा खिडकीतून तिच्याकडे बघत राहायचा.

मग जाहीर सुनावणी झाली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. हरकत घेणाऱ्यांच्या वतीने मामा बोलायला उठला, टाळ्या झाल्या, आणि तो म्हणाला, "पूल बांधा. लवकरात लवकर बांधा. माझा अर्ज मी मागे घेतो."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जो गोंधळ उडाला! विकला गेला, असं लोक तोंडावर म्हणाले. अधिकारी शांतपणे म्हणाले की तीनशे बारा सह्यांचा अर्ज एकट्याला मागे घेता येत नाही. प्रत्येकाने येऊन सही मागे घ्यावी. पुढची सुनावणी चार महिन्यांनी.

ज्या दारांत सह्या मागितल्या त्याच दारांत मामा त्या मागे घ्या म्हणून हात जोडत फिरला. अकरा जणांनी ऐकलं. आईने साफ नकार दिला. "वेड लागलंय तुला. तुझ्या डोळ्यांची काळजी तुला नसेल, मला आहे."

मग तो तिला रस्ता ओलांडून द्यायला जाऊ लागला, दिवसातून चारही वेळा. "मी काय बालवाडीत आहे?" ती लाजून म्हणायची, पण हात सोडवून घ्यायची नाही. मला काही कळेना. कोट पुलावर दिसला, म्हणजे पूल होईपर्यंत आई धडधाकट आहे. मग हा माणूस घाबरतोय कशाला? एकदा विचारलं तर म्हणाला, "तू तुझं काम कर."

हिवाळा संपता संपता एका गुरुवारी एक गिऱ्हाईक माप द्यायला येऊन लांबलं. आईने जिन्यातून हाक मारली, "मी निघते रे," आणि थांबली नाही. सिग्नल तिचाच होता. वळणावरून सामानाची गाडी आली. मी पोहोचले तेव्हा मामा रस्त्यात बसला होता, गळ्यात मापाची पट्टी तशीच. तिचे हात बर्फासारखे गार होते. तो ते चोळत होता.

त्यानंतर कुणाला सही मागे घ्यायला सांगावं लागलं नाही. लोक स्वतः रांग लावून गेले. दीड वर्षात पूल उभा राहिला. आमच्या खोलीत चार वाजताच दिवा लावावा लागतो. मामा त्याच दिव्याखाली शिवतो, आणि नाक मुरडत नाही.

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा त्याने चादर काढली. तीन दिवसांत, मापही न घेता, करडा कोट पुरा केला आणि माझ्यासमोर धरला. आईची आठवण म्हणून मी घातला. इतका नेमका बसला की मीच चकित झाले. दुपारी काम संपवून पुलावरून येत होते. आमच्या खिडकीसमोर आले आणि सहज वाकून आत पाहिलं. मामा हात मांडीवर ठेवून बसला होता. तो कोटाकडे बघत होता. माझं तोंड दिसल्यावर त्याने मान फिरवली.

मी घरी आले.

"मामा, तेव्हा तुला दिसलेला तो कोट कोणाच्या अंगावर होता?"

"डावा खांदा बोटभर खाली होता," तो म्हणाला.

मला राग आला. "म्हणून शिवत नव्हतास?"

"कोटच नसला तर ते होणार नाही, असं वाटलं. त्या पुलावर ताईला मी कुठंच बघितलं नाही गं. रोज बघत होतो. तिची चाल मला पाठ आहे." "थांबलं काहीच नाही. ती मात्र सगळा हिवाळा कुडकुडत गेली, माझ्यामुळे."

"मग आता का शिवलास?"

"थंडी आहे बाहेर," तो म्हणाला.

मग मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, बॅग खांद्यावर घेतली आणि पुन्हा पुलावर गेले. खिडकीपाशी या वेळी वाकले नाही. फक्त जरा हळू चालले, त्याला नीट बघता यावं म्हणून.